‘सॅड’ची पूर्ण नोंद

“कसली वांगी, नुसती रश्श्यात पोहताहेत. दाण्याचं कूट घालताना हात आखडला असणार. आणि असली भाजी माझ्या डब्यातनं माझ्याच घरी!”

चौगुलेवहिनी माझ्या मानेमागे पुटपुटत होत्या. मला उद्देशून नव्हे, स्वतःशीच. पिठाच्या गिरणीत पट्ट्याचा आवाज एवढा, की आपलं पुटपुटणं आपल्यालासुद्धा ऐकू येत नाही अशी त्यांची समजूत. पण रांग दाटीची होती आणि त्यांचं तोंड माझ्या कानापासून वीतभरावर होतं. मी वळून बघितलं नाही. ती वांगी माझी होती.

माझी वांगी त्यांच्या डब्यात कशी गेली, हे मात्र मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. कारण मी ती दिली होती हुपरीकर सरांना.

आम्ही तेव्हा साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. कंपाउंडच्या भिंतीला लागून सरांचं बैठं घर. कारखान्याच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. श्रावणात एका सकाळी मंदाकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, केस विंचरता विंचरता गेल्या. ना दुखणं, ना खुपणं. दिवसकार्य झालं आणि मुलगा हेमंत म्हणाला, “बाबा, चला आता बंगलोरला.”

सर म्हणाले, “मी इथेच राहणार.”

हेमंत वाईट मुलगा नव्हता. उलट काळजीनं अर्धा झालेला. आम्हा बायकांच्या देखतच तो म्हणाला, “महिन्याभरानं येतो बाबा. तुमच्या जेवणाखाणाची आबाळ दिसली तर मग मी काही ऐकणार नाही. घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन जाईन.”

तो गेल्यावर सर कुणाशीच बोलेनासे झाले. विचारलं तर हो किंवा नाही. बहुतेक वेळा तेही मानेनंच.

मग आम्ही तिघींनी त्यांच्या जेवणाचं अंगावर घेतलं. चौगुलेवहिनींचे यजमान कारखान्यात केमिस्ट. त्यामुळे की काय, जगातल्या प्रत्येक वस्तूचा दर्जा तपासणं हे वहिनी आपलं काम समजायच्या. दुसऱ्या शिरगुप्पेवहिनी. त्या जैन. त्यांच्या स्वयंपाकात कांदा नाही, लसूण नाही, आणि बोलण्यातही तिखट असं काही नाही. तिसरी मी, रजनी. आमचे हे वजनकाट्यावर. मी कशावर ते कॉलनीत कुणालाच सांगता आलं नसतं.

मी इंग्रजीवर होते. म्हणजे असं, की माझी शाळा नववीत सुटली, लग्न झालं, आणि एके दिवशी रद्दीच्या दुकानात मला एक जाडजूड इंग्रजी कोश सापडला. पुढची आणि मागची काही पानं भेळवाल्याकडे गेली होती. त्यामुळे ‘ए’ या अक्षरावरून सुरू होणाऱ्या शब्दांत मी आजही कच्ची आहे. पण त्या कोशात शब्दाचा नुसता अर्थ नव्हता, त्याचं कूळ, गोत्र, सोयरीक, सगळं होतं. हा शब्द कुणाच्या घरातला, कुठून आला, आधी कसा वागायचा, नंतर कसा बिघडला. मला माणसांची अशी माहिती काढायची आवड होतीच. शब्दांची काढली तर निदान कुणी भांडायला येत नाही.

मला सरांकडे मंदाकाकींनी नेलं. काकी म्हणजे एक वल्लीच. अंगणात झाडताना शीळ घालायच्या. कॅरममध्ये उघड उघड लबाडी करायच्या आणि पकडल्या गेल्या तर समोरच्यालाच “तुझी नजर चांगली नाही” म्हणायच्या. मला कोश छातीशी धरून जाताना बघितलं आणि हाताला धरून सरांपुढे उभी केली. “घ्या, तुम्हाला शिकवायला कुणीतरी सापडलं. नाहीतर मला शिकवत बसता.” तेव्हापासून दुपारी भांडी आटोपली की मी रोज एक शब्द वाचून सरांकडे जायची आणि तो त्यांना सांगायची. इंग्रजीच्या मास्तरांना इंग्रजी शब्द सांगायला! सर न हसता ऐकायचे. चुकलं की दुरुस्त करायचे. जगात मला गंभीरपणे घेणारा तो एक माणूस. तो बंगलोरला गेला असता तर माझं इंग्रजी आणि मी, दोघं एकदमच पोरके झालो असतो. तेव्हा माझ्या डब्यात भाजीइतकाच स्वार्थ भरलेला होता, हे आधीच सांगून टाकते.

आता डब्यांचं. आमच्याकडे रिकामा डबा परत द्यायचा नाही अशी रीत. अगदी काही नसेल तर चिमूटभर साखर, परसातलं लिंबू, निदान कढीलिंबाची डहाळी. सर रीत सोडणारे नव्हते. रोज सकाळी त्यांच्या कट्ट्यावर तीन डबे रांगेत ठेवलेले असायचे, घासून, पुसून आणि भरून. डब्यांवर आमची नावं कोरलेली. माझ्या डब्यात माझं कधीच नसायचं. कधी दुधी, कधी दोडका.

पहिल्यांदा दोडका आला तेव्हा आमचे हे जेवता जेवता थांबले.

“कांदा घालायला विसरलीस?”

मी बघितलं. विसरले नव्हते. तो शिरगुप्पेवहिनींचा दोडका होता.

“छान लागतंय पण. असंच करत जा.”

मी रागावले नाही. मला आतून गुदगुल्याच झाल्या. मी हिशेब मांडला तो असा: सर माझं जेवतात. ते त्यांना आवडतं. शिरगुप्पेवहिनींचं मिळमिळीत त्यांना जात नाही. मग डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून बिचारे त्यांचं माझ्या डब्यातून पाठवतात. सरळ आहे. शिरगुप्पेवहिनींना वाईट वाटू नये म्हणून मी हे कुणाला बोलले नाही. केवढं माझं मन!

गिरणीतल्या त्या पुटपुटण्यानं हे मन एकदम खाली आलं. म्हणजे माझी वांगीही परत जात होती. मग सर जेवत होते तरी कुणाचं?

पीठ घरी टाकलं, संध्याकाळचा डबा भरला आणि मी सरांच्या मागच्या दारानं आत गेले. न हाक मारता.

सर ओट्यापाशी उभे होते. पुढ्यात डबे उघडे. माझी सकाळची मटकीची उसळ ते चौगुलेवहिनींच्या डब्यात भरत होते. डबा एका हातानं तिरका धरलेला, काठावर थेंब पडला तर फडक्यानं टिपत होते. उत्तरपत्रिका तपासताना असायची तसलीच एकाग्रता. पलीकडे चहाचं पातेलं आणि बिस्किटांचे फाडलेले पुडे. ताट कुठेच नव्हतं. ताटं फळीवर होती, आणि त्यांच्यावर धूळ.

“सर, तुम्ही जेवतच नाही?”

त्यांनी झाकण दाबून बसवलं. “ठेवा डबा.”

“कुणाचंच नाही?”

“अन्न टाकवत नाही, म्हणून.” आणि पाठ फिरवली.

इथे एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? गरम गरम भात वाढला असता, समोर बसली असती, पाठीवरून हात नसता फिरवला तरी तसं काहीतरी बोलली असती. मी काय केलं? मी शब्द काढला.

“सर, आज मी सॅड वाचला.”

महिन्यापूर्वी बायको गेलेल्या माणसाला दुःखी या शब्दावर व्याख्यान! आजही आठवलं की घरात एकटी असले तरी तोंडावर पदर घेते. पण त्या वेळी मला वाटलं, डॉक्टरनं औषध काढावं तसं मी काहीतरी पिशवीतून काढते आहे.

“त्याचा अर्थ पहिल्यापासून दुःखी नाहीच, सर. जुन्या इंग्रजीत सॅड म्हणजे पोट भरलेला. तृप्त. लॅटिनमधला सॅटिस, म्हणजे पुरेसं, तो याच्या भावकीतला. आपला सॅटिस्फाय त्याच घरचा. मग काय झालं, पोट गच्च भरलं की माणूस जड होतो. म्हणून सॅड म्हणजे जड. जड माणूस म्हणजे गंभीर, भारदस्त. आणि गंभीर माणूस हसत नाही, म्हणून लोक म्हणायला लागले, दुःखी दिसतोय. म्हणजे बघा सर, दुःखी माणूस हा मुळात भरलेला माणूस. रिकामा नव्हेच!”

एवढं बोलून मी थांबले. मला अपेक्षा होती की सर रडतील, किंवा निदान “वा” म्हणतील. ते वळले आणि चष्म्यावरून बघायला लागले.

“एवढंच लिहिलंय?”

“एवढंच म्हणजे… खाली बारीक अक्षरात आणखी होतं थोडं. पण दूध उतू गेलं.”

“नोंद पूर्ण वाचल्याशिवाय शब्दाबद्दल बोलू नये, रजनीबाई.”

महिन्याभरातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य! आणि ते मला ओरडण्यासाठी! मला इतका आनंद झाला की त्या आनंदाच्या भरात मी सगळं घालवलं.

“वाचते सर, उद्याच वाचते. पण तुम्ही दोन घास खा हो. काकींच्या हाताची चव आम्हाला कुठली जमायला, त्या साक्षात अन्नपूर्णा होत्या…”

दार लोटून घ्यावं तसा त्यांचा चेहरा बंद झाला.

“ठेवा डबा,” ते म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी माझ्या ओट्यावर कोथिंबीर निवडत बसलो आणि मी बघितलेलं सांगितलं. मग चौगुलेवहिनींनी घसा साफ केला.

“म्हणजे माझी शेवग्याची आमटी…”

“ती आमच्याकडे आली,” शिरगुप्पेवहिनी हळूच म्हणाल्या.

“अगं बाई! लसूण होता की तिच्यात.”

“ह्यांनी खाल्ली. दोनदा वाढून घेतली. मला म्हणाले, आईला बोलू नकोस.”

“सरांनी हातसुद्धा लावला नाही?”

“कुणाच्याच डब्याला नाही,” मी म्हणाले. “आपलं एकमेकींचंच चाललंय. सर मधे नुसते पोस्टमन.”

“आणि मला वाटत होतं, माझं तेवढं संपवतात,” चौगुलेवहिनी म्हणाल्या. “तुमचं जात नाही म्हणून माझ्याकडे ढकलतात.”

“मलाही असंच वाटत होतं,” शिरगुप्पेवहिनी म्हणाल्या.

कोथिंबिरीच्या एका काडीवर माती होती, ती मी पुसली.

“बरं, ती परवाची वांगी कुणाची?”

“माझी.”

“छान होती हो!” चौगुलेवहिनी पापणी न हलवता म्हणाल्या. “कूट अगदी बेताचं.”

हेमंत रविवारी येणार होता. आल्या आल्या त्याला कळणार होतं की बाप बिस्किटांवर जगतोय. मग कुलूप, बंगलोर, सगळं ठरलेलं. चौगुलेवहिनींनी मोहीम आखली. रविवारी डबे द्यायचेच नाहीत. तिघींनी त्यांच्या घरी जायचं, ताटं मांडायची, समोर बसवून वाढायचं. ताटातलं काही ते डब्यात भरू शकत नाहीत. लेकासमोर चार घास तर गिळतील!

“आणि काकींचा विषय कुणी काढायचा नाही,” त्या म्हणाल्या. “सर हेमंतसमोर हलले की संपलं.”

“आणि निघालाच तर?” शिरगुप्पेवहिनींनी विचारलं.

“निघालाच तर चांगलंच बोलायचं. गेलेल्या माणसाबद्दल दुसरं काय बोलतात?”

“हो, तेच की,” शिरगुप्पेवहिनी म्हणाल्या.

“तेच,” मी म्हणाले.

आणि मग तिघीही एकदम फार मन लावून कोथिंबीर निवडायला लागलो.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा दारात भाड्याची जीप उभी होती. हेमंत आधीच आला होता आणि त्यानं फ्रिज उघडून बघितला होता. दिवाणावर एक मोठी बॅग उघडी पडली होती. रिकामी.

“या वहिनी,” तो म्हणाला. “तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू? पण बाबांचा पट्टा बघा. खिळ्यानं नवं भोक पाडलंय त्यांनी.”

“आज बघ कसे जेवतात,” चौगुलेवहिनी म्हणाल्या आणि पदर खोचला.

आम्ही ताटं विसळली, मांडली. चौगुलेवहिनींची आमटी, माझी भरली वांगी (कूट दुप्पट), शिरगुप्पेवहिनींची खपली गव्हाची खीर. आणि मग जो आग्रह सुरू झाला तो एखाद्या लग्नाच्या पंगतीतही झाला नसेल. “घ्या ना सर, एवढंसं.” “वांगं घ्या, लहान आहे.” “खिरीला नाही म्हणू नये.” सर हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. त्यामुळे ताटात नुसता डोंगर चढत गेला. त्यांनी भाताचा एक गोळा केला. तो मोडला. परत केला. हेमंत मात्र बिचारा आमचं मन राखायला सगळं खात होता. त्याच्या कपाळावर घाम आला.

“बाबा,” तो शेवटी म्हणाला, “इथे कोण बघणार तुमच्याकडे? ह्या तरी किती दिवस करतील?”

“जन्मभर!” चौगुलेवहिनी म्हणाल्या.

“वहिनी, पण ते जेवत नाहीयेत.”

“जेवतील. दमानं.”

“बाबा, मला कळतंय.” हेमंतचा आवाज मऊ झाला. “आईसारखं लागत नसेल. ते कबूल. आईच्या हातचं ते आईच्या हातचं…” आणि तो का कोण जाणे तिथेच अडखळला आणि ताटाकडे बघायला लागला.

शिरगुप्पेवहिनी मदतीला धावल्या. “साक्षात अन्नपूर्णा.”

“हाताला नुसतं अमृत,” चौगुलेवहिनी म्हणाल्या.

माझ्याकडे दोघींनी बघितलं, म्हणून मीही म्हणाले, “हो ना.”

सरांनी ताट पुढे सारलं. आवाज न करता, अगदी सभ्यपणानं.

“हेमंत, बॅग भर. येतो मी.”

आम्ही तिघी हातात पळ्या घेऊन तशाच उभ्या. एवढा महिनाभर ज्यासाठी धडपडलो ते असं एका वाक्यात गेलं. आणि सर रागावलेले नव्हते, हेच वाईट. खांदे पडलेले. शाळेचा शेवटचा तास संपल्यावर खडू ठेवावा तसा त्यांनी हात ताटाबाहेर ठेवला होता. मला एवढंच दिसलं की आता ते उठतील, हात धुतील, आणि उद्या दुपारी मी भांडी आटोपून शब्द घेऊन निघाले की इथे कुलूप असेल.

आणि माणूस घाबरला की त्याच्या तोंडून त्याला येतं तेवढंच निघतं.

“सर, मी नोंद पूर्ण वाचली!”

चौगुलेवहिनींनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं दोन आठवडे राहिलं.

“कसली नोंद?” हेमंत म्हणाला.

सर उठता उठता थांबले. चाळीस वर्षांची सवय. कुणी गृहपाठ केला म्हटलं की तपासल्याशिवाय जाववत नाही.

“सांगा,” ते म्हणाले आणि परत बसले.

मी डोळे मिटून घडाघडा म्हणायला लागले. “सॅड. पोट भरलेला, तृप्त. जड. गंभीर. ते परवा सांगितलं. पुढे, घट्ट, भरीव. पुढे, रंगाबद्दल बोलायचं तर गडद, मळकट. आणि शेवटी बारीक अक्षरात, पावाचं किंवा केकचं पीठ फुगलं नाही, भाजल्यावर आत गच्च, दडस राहिलं, तर त्यालाही सॅडच म्हणायचे. इंग्लंडमध्ये काही गावांत अजून म्हणतात.”

वाक्य संपलं आणि मला कळलं मी काय बोलले.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. शिरगुप्पेवहिनी खिरीत पळी फिरवायला लागल्या. हेमंतनं ताकाचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवायलाच तयार होईना.

“परत म्हणा,” सर म्हणाले.

“फुगलं नाही… दडस राहिलं…”

“इडल्या,” सर म्हणाले.

“नाही हो सर!” चौगुलेवहिनी ठरल्याप्रमाणे पुढे सरसावल्या. “काकींच्या इडल्या काही तशा नव्हत्या. त्या तर…”

“त्या तर काय?”

चौगुलेवहिनींनी छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दर्जा तपासणारी बाई ती. खोटं किती वेळ टिकणार?

“टिकाऊ होत्या,” त्या म्हणाल्या.

हेमंतचं ताक नाकातून आलं.

तो खोकतोय का हसतोय तेच कळेना. आणि मग बघते तर सरांचे खांदे हलत होते. मला वाटलं, झालं, रडायला लागले. पण नाही. त्यांनी चष्मा काढला आणि ते हसत होते, आवाज न करता, पोट धरून. ते बघितल्यावर चौगुलेवहिनींचा बांधच फुटला.

“आता खरंच सांगू का सर? काकींना स्वयंपाक येत नव्हता हो! गौरीला त्यांनी पुरणपोळी पाठवली होती, तर आमचे हे म्हणाले, हिचा नमुना लॅबमध्ये नेऊन बघतो!”

“भजी एकदा आमच्या मोतीला घातली,” शिरगुप्पेवहिनी खिरीकडे बघत म्हणाल्या. “त्यानं ती बागेत पुरली.”

“मी हॉस्टेलला गेलो ना,” हेमंत डोळे पुसत म्हणाला, “सगळी पोरं मेसच्या जेवणाला रडायची. मी एकटा वजन वाढवून घरी आलो. आईनं कौतुकानं विचारलं, तिथे कोण करतं रे? मी काय सांगणार?”

“रहस्यकथा वाचत फोडणी द्यायची ती,” सर म्हणाले. “पुस्तकात खून झाला की मोहरी जळायची. वासावरून मला कळायचं, किती झाले.” त्यांनी चष्मा परत घातला. “महिनाभर सगळे येऊन मला कुठल्याशा अन्नपूर्णेबद्दल सांगताहेत. मला कळेना, ही बाई कोण. माझ्या घरात तर ती कधी नव्हती.”

हेमंत उठला. त्यानं दारात जाऊन जीपवाल्याला काहीतरी सांगितलं. जीप सुरू झाल्याचा, वळल्याचा आवाज आला. आत येऊन त्यानं ती रिकामी बॅग मिटली, पायानं दिवाणाखाली सरकवली आणि बापाच्या शेजारी बसला.

सरांनी ताट ओढून घेतलं.

भात कालवला. एक घास घेतला, चावला. दुसरा घेतला. आम्ही तिघी आणि तो मुलगा, बाळाच्या पहिल्या घासाकडे बघावं तसे बघत होतो. वांग्याचा तुकडा मोडून त्यांनी आमटीत बुडवला.

“चौगुलेवहिनी, आमटी तुमची?”

“हो सर. काही कमी पडलंय का?”

“नाही, नाही. मीठ अगदी बरोबर आहे.” त्यांनी आणखी एक घास घेतला. “रोज तिन्ही डब्यांतला एकेक घास घेऊन बघत होतो. म्हटलं, एखाद्या दिवशी तरी मीठ चुकेल. जास्त पडेल, नाहीतर घालायचंच राहील.”

हेमंतनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“एकदाही चुकलं नाही रे,” सर म्हणाले. “म्हणजे मंदा खरंच गेली.”